कड्याची हळद

१

आमचे जवाई प्रविणराव जेवल्यावर ताट उचलत नाहीत. पाण्याचा गडवा हाताशी असला तरी साधनाला हाक मारतात, आणि माझी पोरगी हातातलं काम टाकून धावते. लग्न झाल्यापासून मी हे पाहत आले आणि गिळत आले, कारण जवायाला बोलायची आमच्यात रीत नाही. पण मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हाच माणूस आमच्या धुण्याच्या दगडापाशी उकिडवा बसून स्वतःचा पांढरा पायजमा घासत होता. माझी सून रेणू कौतुकानं पाहत राहिली. म्हणाली, जवाईबुवा सुधारले. मला कौतुक वाटलं नाही, राग आला. आदल्या संध्याकाळी सख्खी काकू रस्त्यावर मरून पडलेली असताना कोणाला पायजम्याची काळजी पडते?

मेली ती पार्वताबाई. प्रविणरावांच्या मेलेल्या काकाची बायको. पोरबाळ नाही, मोहाडीच्या रस्त्याला लागून वावर, आणि वावरातच खोपडी करून राहायची. दिवाळी झाली की आमच्या आंधळगावात मंडईची जत्रा भरते. लेकी-जवायांना बोलावणं जातं, दुकानं लागतात, दंडारीचा नाच-नाटकाचा खेळ रंगतो, आणि भोंगे असे वाजतात की शेजारच्यानं भिंत पाडली तरी कळू नये. पार्वताबाई दुपारभर माझ्या बाजूला बसून दंडार पाहत होती. दिवस बुडता बुडता उठली, पदरात शिंगाडे बांधून एकटीच घराकडे निघाली. मागून फटफटी आली आणि तिला उडवून गेली. शिंगाडे रस्ताभर पसरले. लोक पोचले तोवर ती गेलेली होती.

फटफटीवाल्याचं तोंड दुपट्ट्यानं बांधलेलं. पण वळणावर चहाची टपरी चालवणाऱ्या भैय्यालालनं गाडी ओळखली. मागं ढेपेची पोती बांधायचं लोखंडी कॅरिअर. तसं कॅरिअर गावात एकाच गाडीला आहे, आणि ती गाडी माझी.

सकाळी पोलीस ठाण्याचे जमादार आले, तर गाडी आमच्या गॅरेजमध्ये जागच्या जागी साखळीनं बांधलेली. फक्त पुढचा दिवा फुटलेला आणि मडगार्ड आत गेलेलं.

गॅरेज म्हणजे घरामागचं टिनाचं शेड, खाली काँक्रीट. माझी आधीची गाडी चोरांनी दारातून नेली, तेव्हा मी वेल्डिंगवाल्या अमरला बोलावून काँक्रीटमध्ये लोखंडाचं कडं बसवून घेतलं होतं. हातभर रुंद जाड पत्रा, त्यावर कडं, आणि चार कोपऱ्यांना चार बोल्ट जमिनीत खोल गेलेले. बोल्टांच्या डोक्यातल्या खाचेत, जिथं पाना लागतो, तिथं अमरनं एकेक पोलादी छर्रा ठोकून बसवला, म्हणजे कोणाचाच पाना लागू नये. त्या कड्यातून आणि गाडीच्या चेसिसमधून साखळी, साखळीला कुलूप. गाडीची चावी शेडातच खिळ्याला असते, पण या कुलपाच्या किल्ल्या दोन. एक माझ्या गळ्यात, दुसरी आमच्या दुकानाचा माल पोचवणाऱ्या टिकारामच्या करदोड्याला.

जमादारांनी कुलूप पाहिलं, साखळी पाहिली, कडं हलवून पाहिलं. सगळं साबूत. मग मला विचारलं, की बाई, काल गाडी तुम्ही तर नाही ना चालवली?

मी म्हटलं, चालवली असती तर बुढीला वाचवून चालवली असती.

त्यांनी टिकारामला गाडीत बसवून नेलं.

२

टिकारामची बायको प्रतिक्षा दुपारी आली. रडत आली असती तर मी समजावलं असतं. ती रडली नाही. ओट्यावर बसली आणि जमिनीकडे पाहत बोलत राहिली. नवरा मंडईतच होता, दंडारीच्या पुढच्या रांगेत होता, पण कालपर्यंत त्याला दादा म्हणणारे आज म्हणतात आमी नाई पाह्यलं. पार्वताबाईचा पाय मोडला होता तेव्हा हिनं तिला उचलून नेलं होतं, न्हाऊ घातलं होतं. आता लोक हिच्या दारावरून जाताना थुंकतात.

"काकी, बुढीनं मले लेक म्हटलं," ती म्हणाली. "आता लेकीच्या कुकवावर तिचा खून टाकून राहिले."

तिला जे ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. मंडईत पार्वताबाई माझ्या कानाशी लागून बोलली होती. सोमवारी मोहाडीला जातो, म्हणे, आणि वावर प्रतिक्षाच्या नावानं करून टाकतो. पोरीला सांगायचं नाही अजून, टिकारामला आणि पुतण्याला मात्र दिवाळीतच सांगून टाकलं, मागून बोंब नको.

आता तुम्हीच बोला. ज्याच्या घरी उद्या गाय येणार, तो आज तिला कशाला मारेल? टिकाराम येडा नाही. पण जमादारांना हे सांगून काय होणार होतं? ते म्हणत होते, की खून नाहीच, पिऊन केलेला अपघात आहे. आणि किल्लीला उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

प्रतिक्षाला घरी पाठवलं आणि मी भैय्यालालच्या टपरीवर गेले. त्याला बोलतं करावं लागत नाही, थांबवावं लागतं. मला पाहिजे होतं ते शेवटी निघालं. डोळ्यांनी काय पाहिलं ते त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. कानांनी काय ऐकलं ते कोणी विचारलंच नव्हतं.

"खणखण वाजत गेली ना मावशी," तो म्हणाला. "बैल दावणीतून साखळीसकट सुटते ना, तशी."

मी चहा तसाच ठेवून उठले. ज्याच्याजवळ किल्ली असते तो कुलूप काढतो आणि साखळी घरी ठेवून जातो. ही गाडी साखळी घेऊन गेली होती.

३

घरी येऊन मी सरळ गॅरेजात शिरले आणि कड्यापाशी बसले. सकाळी जमादारांच्या घाईत एक गोष्ट डोळ्याला खुपली होती, पण तेव्हा मी तिचा राग रेणूवर काढायचं ठरवून सोडून दिली होती. आता नीट पाहिली. पत्र्यावर हळद होती, आणि हळदीवर कुंकवाची दोन बोटं.

यात काय, असं दुसऱ्या घरी म्हणतील. माझ्या घरी नाही. मालक वारले तेव्हा गावच्या बाया मला सांगायला आल्या होत्या, की आता दिवाळीची लोखंडाची पूजा सुनेच्या हातानं होऊ द्या. मी म्हटलं, तराजू मी उचलते, पोती मी मोजून घेते, मग पूजा कोणाच्या हाताची? तेव्हापासून माझ्या घरच्या लोखंडाला माझाच हात लागतो. आणि माझ्या हाताला कुंकू वर्ज्य केलंत ना, तर मग माझ्या लोखंडालाही नको. तराजूला, विळ्याला, गाडीला, कड्याला, सगळ्यांना नुसती हळद. घरच्यांना हे पाठ आहे.

रेणूला बोलावलं. तिनं गळ्याची शपथ घेतली. "आई, माह्याजवळ कुकू हायेच कुठं? मी तं टिकली लावतो."

खरं होतं. ओलं फडकं आणवलं आणि पत्रा पुसला. कुंकू निघालं, हळदही निघाली. पण पत्र्याच्या कडेनं, जमिनीला लागून, एक लाल रेघ चारही बाजूंनी तशीच राहिली. पुन्हा घासलं. ती जाईना. नखानं खरवडलं तर खाली राखाडी पीठ निघालं.

ज्या बाईनं जन्मभर स्वयंपाक केला तिला हे सांगावं लागत नाही. हळदीला चुना लागला की ती लाल होते. आणि ओल्या सिमेंटात चुन्याचीच आग असते. म्हणजे मी दिवाळीला लावलेली हळद ही नव्हतीच. कोणीतरी कड्याभोवती ताजं सिमेंट भरलं होतं, आणि ते झाकायला, ओलं असतानाच वरून नवी हळद फासली होती.

माझं कडं निघालं होतं. निघालं होतं आणि परत बसवलं होतं.

४

अमरला बोलावणं धाडलं. कडं बसवणारा तो, म्हणून पहिला संशयही त्याच्यावर. तो दारातच ओळखून गेला.

"काकी, माह्यावर शक घेऊन राहिल्या का तुमी?"

"हाओ, घेऊन राहिलो. बस, आन पाह्य."

तो बसला. पत्र्याच्या कडेनं बोट फिरवलं, एकेका छऱ्यावर नख मारून पाहिलं. मग त्यानं सांगितलं. त्याचे छर्रे गंजून काळे पडले होते, हे चकाकतात. त्यानं पत्रा भिंतीला सरळ धरून बसवला होता, हा जरासा तिरका आहे. कोणीतरी कटर मशीननं बोल्टांची डोकी उडवली, कडं मोकळं केलं. बोल्टांचे बुंधे जमिनीतच राहिले, म्हणून परत बसवताना पत्रा थोडा फिरवून बाजूला नवी भोकं पाडावी लागली. नवे बोल्ट, नवे छर्रे, आणि कड उखडली होती तिथं लवकर वाळणारं सिमेंट.

"मंग साखळी?" मी विचारलं.

"ते तर तशीच राह्यते ना. कुलूप बंदच. साखळी आन कडं पोत्यात गुंडाळून कॅरिअरवर बांधलं, का गाडी निघाली."

म्हणून ती खणखण. आणि म्हणून कुलूप साबूत. जगानं किल्लीवाल्याला धरावं, यासाठीच तर हा खटाटोप.

एवढी मेहनत कोणी चक्कर मारून यायला करत नाही. दारू पिऊन तर नाहीच करत. कटर पाहिजे, ड्रिल पाहिजे, नवे बोल्ट, छर्रे, सिमेंट, सगळं आधी आणून ठेवलेलं पाहिजे. भोंगे वाजत असायची वेळ पाहिजे, गल्ली रिकामी पाहिजे. हा अपघात नव्हता. पार्वताबाईला मारायला म्हणूनच ते कडं निघालं होतं, आणि टिकारामला गाडायला म्हणून परत बसलं होतं.

हे काम जमणारे माझ्या ओळखीचे तीन. अमर. माझा मुलगा प्रफुल्ल, जो वरठीच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करतो. आणि प्रविणराव, जे जवाहरनगरकडे टिनाची शेडं उभारायचे ठेके घेतात.

अमरला दर दिवाळीला कड्याच्या पूजेचा नारळ मी माझ्या हातानं देते. दर वेळी तो चिडवतो, की काकीच्या घरी लोखंडालाही पथ्य. तो कुंकू लावणार नाही. प्रफुल्ल ड्युटीवरून आला, तशी मी त्यालाही दारातच उभं करून विचारलं, काल दिवस बुडताना कुठं होता. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की ते पाहणं मी विसरणार नाही. मग सरळ सांगितलं, कारखान्यात होतो, गावचे चौघं सोबत होते, त्यांना विचार. आणि कुंकवाचं तर त्याला लहानपणापासून माहीत.

राहिले प्रविणराव. ते आमच्याकडे येतात ते मंडईला, दिवाळीची पूजा झाल्यावर. आमची पूजा त्यांनी कधी पाहिली नाही. त्यांच्या घरी गाडीला हळदीसोबत कुंकू लागतंच. परवा ते बसमधून उतरले तेव्हा त्यांची पिशवी रेणूला उचलेना, आणि आम्ही दोघी हसलो होतो, की या वर्षी जवाईबुवांनी भारी आहेर आणला. मंडईच्या दिवशी त्यांचं डोकं दुखत होतं. आम्ही गेलो, ते घरी राहिले. मग बुढीपाशी रस्त्यावर आमची अर्धी रात्र गेली, तोवर घर रिकामं होतं आणि मंडईचे भोंगे वाजतच होते.

पण एवढ्यावर पोरीचा संसार मोडायचा का? डोकं कोणाचंही दुखतं. मी मनाला तसं सांगून पाहत होते, तेवढ्यात साधनानं मागून माझा पदर ओढला.

५

तिनं मला कोठीच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. तिच्या हातात तो पायजमा होता. दोरीवर उलटा करून वाळत घातलेला, तिनं सुलटा केला होता. दोन्ही गुडघ्यांवर तांबडे डाग, हाताच्या पंजाएवढे.

"आई, रगत हाय," ती म्हणाली. "कायले धुवत होते ते सकाळी, मी इचारलं. तं माह्या अंगावर ओरडले. आई, काकूचं रगत तं नसंन ना?"

मी पायजमा उजेडात धरला. मग बाहेर गेले, लिंबू कापून आणलं, आणि एका डागावर पिळलं.

आम्ही दोघी पाहत राहिलो. तांबडा डाग हलला, विरला, आणि पिवळा झाला. लख्ख पिवळा.

साधना मटकन खाली बसली. तोंडात पदर घेऊन हसली, आणि हसता हसता रडली. "हळद हाय," ती म्हणाली. "हळदच हाय ना आई? साबणानं लाल झाली. मी बी कशी येडी. सांडली असंन जेवताना."

जेवताना हळद छातीवर सांडते, मांडीवर सांडते. दोन्ही गुडघ्यांना ती तेव्हाच लागते, जेव्हा माणूस तिच्यात गुडघे टेकून बसतो. रक्त निघालं असतं तर मी म्हटलं असतं, दगडाला ठेचकाळले असतील. आता म्हणायला काही उरलं नाही.

मी तिच्या बाजूला बसले. एकीकडे प्रतिक्षाचं कपाळ होतं, एकीकडे साधनाचं. एक शब्द गिळला असता तर माझी पोरगी उद्या हसत सासरी गेली असती, आणि टिकाराम आत सडला असता. गावानं मला नाव ठेवलं नसतं. किल्ली टिकारामकडे होती, झालं. मला वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटलं. लिंबाची फोड हातात धरून मी तोच विचार करत बसले होते.

मग मी साधनाला विचारलं, तुझा करंडा कुठं आहे.

लग्नातला चांदीचा करंडा ती सगळीकडे सोबत नेते. रोज टिकली लावते, पण सणाला त्यातलं कुंकू लावते. आमच्या घरात कुंकू होतं ते तेवढंच. तिनं बॅगेतून काढून दिला. झाकण नीट बसलेलं नव्हतं, आणि आत कुंकवात दोन जाड बोटांचे खड्डे होते. करंगळीनं कुंकू घेणारी माझी पोरगी त्या खड्ड्यांकडे पाहत राहिली. मीच सगळं सांगितलं, कड्यापासून करंड्यापर्यंत, एक गोष्ट न लपवता. तिला अर्धं सांगणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा फसवणं होतं.

तिनं पायजम्याची घडी घातली आणि माझ्यापुढं ठेवली. मग म्हणाली, "प्रफुल्लदादाले सांग, जमादाराले घेऊन ये म्हणा."

६

जमादार आले. प्रतिक्षाला मी मुद्दाम बोलावलं होतं, ती दारापाशी उभी राहिली. प्रविणरावांना प्रफुल्लनं जेवणावरून उठवून आणलं. ताट तसंच मागं राहिलं, नेहमीसारखं.

मी अमरला सांगितलं, उचल. त्यानं कटर लावला. आज भोंगे नव्हते. टिनाच्या शेडात तो आवाज असा घुमला की गल्लीतली माणसं गोळा झाली, आणि मंडईच्या दिवशी हा का ऐकू आला नाही ते जमादारांना सांगावं लागलं नाही. बोल्टांची डोकी उडाली. अमरनं लोखंडी सब्बल खाली घालून पत्रा उलथला. खाली काँक्रीटमध्ये चार जुने बुंधे होते, कापलेले, तुकतुकीत, आणि प्रत्येकाच्या बाजूला एक नवं भोक.

जमादार वाकून पाहत राहिले. मग त्यांनी प्रविणरावांची पिशवी मागवली. प्रफुल्लनं ती एका हातानं उचलून आणली, दोन हातांनी खाली ठेवली. कटर, ड्रिल, अर्धी सिमेंटची पुडी, आणि कागदात उरलेले छर्रे.

प्रविणराव आधी हसले. मग म्हणाले, की माझा धंदाच हा आहे, अवजारं सोबत असायचीच. पायजमा दाखवला तर म्हणाले, जेवणाची हळद. मी करंडा पुढं ठेवला. तेव्हा ते साधनाकडे वळले. तिनं काहीतरी बोलावं म्हणून पाहत राहिले, जसं पाणी मागताना पाहायचे. ती या वेळी उठली नाही.

मग त्यांचा आवाज चढला. बुढी येडी झाली होती, म्हणाले. बापजाद्याचं वावर परक्या पोरीच्या नावानं करत होती. कोणी सहन केलं असतं?

जमादारांनी त्यांच्या दंडाला धरलं. दारापाशी प्रतिक्षा सरकली नाही, त्यांना अंग चोरून तिच्या बाजूनं जावं लागणार होतं. तिथंच ते थांबले आणि माझ्याकडे वळले. हात जोडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला आई म्हणाले. म्हणाले, आई, साधनाच्या कुकवाकडे तरी पाहा.

जवायाला बोलायची आमच्यात रीत नाही. मी उठले. उलथलेल्या पत्र्याच्या कडेची ती लाल रेघ त्यांना दाखवली, आणि जन्मभर गिळलेलं तोंडावाटे काढलं.

"पाह्यलं, प्रविणराव. माह्या पोरीचं कुकू तुमी तुमच्याच बोटांनी या लोखंडाले लावलं, आन एका बुढीचा जीव घेतल्यावर लावलं. लोखंडाले लागलेलं कुकू पुसून मी परत कपाळाले लावत नाई. ताट तुमी आजवर कधी उचललं नाई. आता जिथं चालले, तिथं आपलं आपणच उचलजा."